सातव्या वळणावरचा खळगा

माझ्या मामाने आयुष्यात कुणालाही ओव्हरटेक केलेलं नाही. त्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, त्याला ते शक्यच नव्हतं. मामा अडतीस वर्षं रस्ते बांधणाऱ्या खात्यात रोडरोलर चालवत होता. अकरा टनांचं धूड, पुढे एक लोखंडी ड्रम, मागे एक, आणि वेग असा की शेजारून चालणारी माणसं मामाशी गप्पा सुरू करायची आणि गप्पा संपायच्या आत पुढे निघून जायची. कामावर त्याला सगळे ‘सपाट’ म्हणत. कुणी ‘अहो सपाट’ अशी हाक मारली की मामा सरळ ओ द्यायचा.

माणूस काम करतो तसा होत जातो म्हणतात, मामाच्या बाबतीत तर शंकाच नको. घरातली इस्त्री तोच करायचा. शर्टाच्या पाठीवर एक पट्टा पुढे, तोच पट्टा मागे, मग अर्धा पट्टा सरकून पुन्हा पुढे. एका शर्टाला पंधरा मिनिटं. दुकानात ढकलगाडी घेऊन सामान आणायला गेला की रांगेच्या टोकापर्यंत जायचा आणि वळायच्या ऐवजी तसाच उलट्या पावली मागे यायचा. मागच्या बायका किंचाळायच्या. मामी म्हणायची, “मी ह्यांच्याबरोबर दुकानात जात नाही, बाहेर पिशवी धरून उभी राहते.” नवीन रस्ता दिसला की मामा कडेला उकिडवा बसून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून त्यावरून नजर फिरवायचा. आम्ही लहानपणी शरमेने दुसऱ्या फुटपाथवर जायचो. मी तर मोठेपणीही गेलोय.

आता ह्या माणसाला मोटारींच्या शर्यतींचं वेड आहे, असं आमच्या घराने ठरवलं, त्याला जबाबदार मी. मी मोटार विम्याच्या कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. ठोकलेल्या गाड्या बघणं हे माझं रोजचं काम. दर रविवारी मामा माझ्याकडे यायचा, खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचा, “काय रे, रेस ट्रॅकवरचं काही आलं का?” गावाबाहेर तासाभरावर शर्यतींचा एक ट्रॅक आहे. मी म्हणायचो, “नाही आलं.” “बरं,” म्हणून मामा खुर्चीत टेकायचा. पंधरा वर्षं हा एकच प्रश्न. शिवाय वर्तमानपत्रात त्या ट्रॅकविषयी आलेली प्रत्येक बातमी कापून तो एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. मी मनाशी हिशेब केला: माणूस रोलरवर बसून म्हातारा झाला, पण आतून ताशी दोनशेने पळतोय. हा शोध मी माझ्या मामेबहिणीला, चिमीला, सांगितला. तोंड बंद ठेवायला मला जमत नाही, ही आमच्या घराण्यातली जुनी तक्रार आहे.

चिमी बापावर जीव टाकणारी पोरगी. मामा निवृत्त झाला त्या संध्याकाळी तिने त्याच्या हातात एक चकचकीत पाकीट ठेवलं. आत त्याच ट्रॅकचं कुपन आणि रंगीत पुस्तिका. पाच अनुभव, त्यांतला कुठलाही एक निवडायचा.

“बाबा, आयुष्यभर सहाच्या वेगाने गेलास,” चिमी म्हणाली, “आता एकदा तरी जोरात जा.”

मामाने पुस्तिकेवरचं ट्रॅकचं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. “छान आहे,” म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

“घाबरले,” मामी म्हणाली. “साठाव्या वर्षी माणसाला चप्पल द्यावी, शाल द्यावी. रेसची गाडी कसली देतेस?”

पुस्तिका जेवणाच्या टेबलावर पडून राहिली आणि प्रत्येक जण तिच्यावर आपापलं मत सांडू लागला. पहिला अनुभव एकट्याच्या गाडीचा. लांबट, चारही चाकं बाहेर, आणि चालक आत आडवा झोपल्यासारखा. चिमीचं मत ह्याला, कारण फोटो चांगला येतो. दुसरा स्पोर्ट्स कारचा: आपण चालवायची, शेजारी शिकवणारा बसतो, सहा फेऱ्या. ह्याला माझं मत. मागच्या सीटवर एका नातेवाइकाला फुकट बसता येतं, असं तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं. बारीक अक्षरं वाचण्याचाच मला पगार मिळतो. तिसऱ्या अनुभवात गाडी कसलेला रेसर चालवणार, आपण नुसतं शेजारी बसून ओरडायचं. चौथा ओल्या फरशीवर गाडी घसरवायचा. पाचवा छोट्या गो-कार्टचा. ती गाडी म्हणजे चाकं लावलेला पाट.

मामी म्हणाली, “तिसरा घ्या. नाहीतरी तुम्ही कुठे कधी ओरडता? तेवढंच जरा मोकळं वाटेल.”

मामा कुणालाच काही म्हणाला नाही. मात्र तिसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसात आला. रविवार नसताना. माझ्या टेबलासमोर दावेदारांसाठी एक खुर्ची असते, तिच्यावर बसला, दोन्ही हात मांड्यांमध्ये धरून. गाडी ठोकून येणारे सगळे असेच बसतात. मी ओळखलं की काहीतरी ठोकलंय.

“तो ट्रॅक आम्ही केलाय,” मामा म्हणाला. “बावीस वर्षं झाली. शेवटच्या थरावर रोलर माझा होता.”

“मग हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? आम्ही मिरवलं असतं!”

“म्हणूनच नाही सांगितलं.” मामाने आजूबाजूला पाहिलं. “सातव्या वळणावर एक खळगा आहे. तो माझा.”

मग त्याने समजावून सांगितलं. गरम डांबर अंथरलं की रोलरने त्यावर सतत फिरत राहायचं. पुढे, मागे, पुढे, मागे. थांबायचंच असेल तर थंड झालेल्या पट्ट्यावर नेऊन थांबायचं. गरम डांबरावर अकरा टन नुसते उभे राहिले तर ड्रम खाली रुततो, आणि डांबर थंड झाल्यावर तो खळगा कायमचा. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. मामा तेव्हा सोळा वर्षं रोलरवर मुरलेला होता, आणि तरी तो सातव्या वळणावर, गरम डांबरावर, दोन मिनिटं थांबला.

“चहाला?” मी विचारलं.

“थांबलो एवढं खरं,” मामा म्हणाला. “बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल गेलं. वरून चार फेऱ्या मारल्या, नाही भरलं. मुकादम म्हणाला, चालतंय. अरे, चालतंय काय! तिथून गाड्या दीडशेने जातात. कुणाचं चाक त्यात आपटलं आणि गाडी भिंतीवर गेली, तर? बावीस वर्षं बातम्या कापतोय. अपघात झाला म्हणून छापतात, पण वळणाचा नंबर कुणी छापत नाही. मग तुला विचारायचो. तू म्हणायचास नाही आलं, की एक आठवडा बरा जायचा.”

शर्यतीच्या ट्रॅकवर झालेलं नुकसान आमच्या पॉलिसीत बसतच नाही. तिथे शंभर गाड्यांचा चुरा झाला असता तरी माझ्या टेबलावर एक कागद आला नसता. पंधरा वर्षं मी ह्या भल्या माणसाला दर रविवारी खोटा दिलासा देत आलो होतो. ते मी त्याला तिथेच सांगितलं. लपवून ठेवायला मला जमत नाही हे आधी आलंच आहे.

मामाने टेबलावरचा स्टेपलर उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे काहीच कळलेलं नाही.”

“नाही.”

“मग जायलाच हवं. जाऊन बघतो. विचारतो. कुणाला लागलं असेल तर तसं ऐकून घेतो. पण आता हे डोक्यात ठेवून झोप लागायची नाही.” उठताना म्हणाला, “मामीला बोलू नकोस.”

बोलू नकोस, आणि तेही मला! पण ह्या वेळी मी खरोखर तोंड शिवून घेतलं.

त्यानंतर अनुभव निवडण्याच्या कामाला वेगळीच दिशा लागली. बुकिंगवाल्या मुलीला फोन करायचं काम मामाने स्वतःकडे घेतलं. मी शेजारी बसून स्पीकरवर ऐकायचो. ती मुलगी आधी फार उत्साहात होती.

“सर, आमची एकट्याची गाडी शून्यावरून शंभरला चार सेकंदांत जाते!”

“बरं. आणि मागे?”

“मागे म्हणजे?”

“मागे जाते का? रिव्हर्स गिअर आहे का?”

तिकडून कुणाला तरी विचारल्याचा आवाज. “नाही सर, त्या गाडीला रिव्हर्स नसतो. आजपर्यंत कुणी विचारलं नाही.”

“मग नको,” मामा म्हणाला आणि पुस्तिकेतल्या पहिल्या अनुभवावर काट मारली. ज्या गाडीला मागे येता येत नाही ती अर्धवट गाडी, असं त्याचं मत पडलं. गो-कार्टचा ट्रॅक वेगळा निघाला, काट. ओल्या फरशीचं आवारही वेगळं, काट. उरले दोन. तिसऱ्या अनुभवाविषयी त्याने विचारलं, “तो जो रेसर चालवतो, त्याला ‘इथे जरा सावकाश’ असं सांगितलं तर ऐकतो का?”

“सर, लोक तसं ओरडतातच,” मुलगी म्हणाली. “ते ऐकत नाहीत. त्याचेच पैसे असतात.”

राहिली स्पोर्ट्स कार. मामाने सकाळची अगदी पहिली वेळ मागितली. तेव्हा ट्रॅकवर दुसरी गाडी नसते आणि ऊन तिरपं असतं. तिरप्या उन्हात रस्त्याचे सगळे दोष उघडे पडतात, असं त्याने मला ऐकवलं. मुलीला म्हणाला, “सकाळी मोकळं वाटतं.” तिने शेवटी विचारलं, “मोटारीचा परवाना आहे ना सर?”

मामाने खिशातून परवाना काढला, चष्मा लावला आणि वाचला, जणू काही अडतीस वर्षांत त्यावरचा मजकूर बदलला असेल. परवान्यावर एकच शब्द होता: रोडरोलर. आमच्या मामाला साधी मोटार चालवायची कायद्याने परवानगी नव्हती.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणीही नाद सोडून दिला असता. मामाने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथले मास्तर दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आले. “तुमच्या मामांना समजवा. उजवीकडचं पेडल शोभेचं नसतं. काल आम्हाला दुधाची सायकल मागे टाकून गेली. आणि रस्ता संपला की वळत नाहीत हो, तसेच मागे येतात! पण काय सरळ मागे येतात! तीस वर्षांत मी असं रिव्हर्स पाहिलेलं नाही.” परीक्षेच्या दिवशी गाडी मागे घ्यायच्या भागात परीक्षकाने मामाला दोनदा करून दाखवायला लावलं. दुसऱ्यांदा बघायला तो ऑफिसातल्या बाकीच्यांना घेऊन आला. मामा पास झाला. वेगाबद्दल परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं: ‘अतिशय जबाबदार’. “ह्यांना रेसचं एवढं वेड असेल असं वाटलं नव्हतं,” असं मामी मला दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

ठरल्या दिवशी आम्ही चौघं पोचलो. मामीने आणि चिमीने कुठे बसायचं हेही मामानेच ठरवलं होतं: सातव्या वळणाच्या पायऱ्या, जाळीच्या कुंपणाला लागून. “तिथून चांगलं दिसतं,” म्हणाला. मामाला हेल्मेट चढवलं तेव्हा त्याचा चेहरा कोबीच्या गड्ड्यासारखा सगळीकडून दाबला गेला. मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. फुकट जागेचा आकार बारीक अक्षरांत दिलेला नव्हता. शेजारी शिकवणारा बसला, चुणचुणीत, दात पांढरेशुभ्र. त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता.

“काका, मनातली भीती काढून टाका,” तो म्हणाला. “आज मजा करायची!”

“हो,” मामा म्हणाला आणि गाडी सुरू केली.

गाडी अशी गुरगुरली की माझ्या दाढा हलल्या. मामाने तिला हळूहळू सोडलं आणि आम्ही शर्यतीच्या ट्रॅकवर बत्तीसच्या वेगाने निघालो. पहिलं वळण, दुसरं वळण. मामा मान वाकडी करून रस्ता बघत होता. “कडेला चांगलं राहिलंय,” स्वतःशीच म्हणाला. “हा जोड कुणी केला रे, छान केलाय.” सरळ लांब रस्ता आला तसा शिकवणारा उसळला. “काका, दाबा! दाबा आता!”

“अहो, ह्याच रस्त्यावर महिनाभर दाबायचंच काम केलंय,” मामा म्हणाला आणि चाळीसवर गेला.

पहिल्या फेरीला सातवं वळण आलं आणि गेलं. मामाला काहीच जाणवलं नाही, कारण गाडी तेव्हा वळणाच्या बाहेरच्या बाजूने गेली होती. दुसऱ्या फेरीला त्याने ती आत घेतली. खालून ‘थड’ असा छोटा आवाज आला. मला वाटलं, खडा असेल. मामाने ब्रेक दाबला, क्षणात रिव्हर्स टाकला, आणि शर्यतीच्या ट्रॅकवरून आम्ही संथपणे उलटे निघालो.

“काका! काका, काय करताय!” शिकवणारा ओरडला. “इथे मागे यायचं नसतं!”

थड. मामा पुन्हा पुढे आला. थड. पुन्हा मागे, ह्या वेळी अर्धी चाकरुंदी सरकून. सवयच ती. आता थड झालं नाही. “म्हणजे रुंदी एवढीच,” मामा पुटपुटला. शिकवणाऱ्याने आपला ब्रेक दाबून ठेवला. चार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाड्यांतून जन्मभर फिरलेला तो माणूस ताशी पाचच्या वेगाला पांढराफटक पडला होता. मामाने दार उघडलं, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, पाण्याची बाटली घेतली आणि खाली उतरला.

भोंगा वाजायला लागला. वळणावरच्या टपरीतून लाल झेंडा बाहेर आला. त्याच्या मागून नारिंगी जाकीट घातलेला एक जाडजूड झेंडेवाला, एक हात कमरेवर ठेवून, लंगडत पळत येताना दिसला. मामाचं लक्षच नव्हतं. तो उकिडवा बसला, एक डोळा मिटून रस्ता पाहिला, आणि बाटलीतलं पाणी डांबरावर ओतलं. पाणी जरा इकडेतिकडे गेलं, मग निमूटपणे एका जागी गोळा झालं. परातीएवढं डबकं. मामाने त्यात बोट बुडवून खोली पाहिली. अर्धं पेर.

“अहो, पाणी नका ओतू!” झेंडेवाला लांबूनच किंचाळला. “तिथंच साचतं ते!”

गाडी ट्रॅकवर उभी, माणूस खाली उतरलेला, भोंगा वाजतोय, आणि ह्याला काळजी पाण्याची. मामाने वर पाहिलं.

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला नाही तर कुणाला? बावीस वर्षं हा खळगा मी पुसतोय! पाऊस झाला की सगळा ट्रॅक वाळतो, हा एवढा तुकडा नाही वाळत. प्रत्येक शर्यतीच्या आधी झाडू घेऊन मी इथे वाकायचं. ज्या कुणी गाढवानं हे करून ठेवलंय ना, तो एकदा भेटायला हवा.”

“मी तो,” मामा म्हणाला.

भोंगा कुणीतरी बंद केला. कुंपणापलीकडे मामी आणि चिमी पायऱ्या उतरून जाळीला हात लावून उभ्या होत्या. दहा पावलंही अंतर नव्हतं, सगळं त्यांना ऐकू जात होतं. मामाला ते कळत होतं की नाही कोण जाणे. त्याला विचारायचं ते त्याने विचारलं.

“इथे कुणाला लागलंय का हो? बावीस वर्षांत? माझ्यामुळे?”

“लागलंय म्हणजे काय!” झेंडेवाला उखडला. “मला लागलंय! ही कंबर बघा. दोन डॉक्टर झाले.”

“गाडीवाल्यांना?”

“त्यांना कशाला लागेल? मी कोरडं करून देतो ना! आणि कोरडं असलं की नुसतं थड होतं, पोरं म्हणतात ब्रेक मारायची खूण बरी आहे. अपघात सगळे तिकडे तिसऱ्या वळणावर. इथे एकसुद्धा नाही.”

मामा तिथेच, डांबरावर, मांडी घालून बसला आणि रडायला लागला. लहान मुलासारखा नव्हे, मोठी माणसं रडतात तसा, नाकाने आवाज करत, दुसऱ्यांना त्रास होऊ नये अशा बेताने. मग उठून त्याने झेंडेवाल्याचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार आहेत माझ्यावर,” म्हणाला. “कमरेचं मात्र माझं चुकलं.”

एवढ्याने झेंडेवाला विरघळला असेल असं कुणाला वाटेल. तो मुळीच विरघळला नाही. “पण थांबलात कशाला?” तो म्हणाला. “मी काही तुमच्या धंद्यातला नाही, पण मलासुद्धा माहीत झालंय आता, गरम डांबरावर थांबायचं नसतं. कशाला थांबलात?”

मामाने नाक पुसलं. माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे पाहिलं, आणि खाली मान घातली.

“ही आली होती,” तो म्हणाला. “डबा घेऊन. आमचा चार दिवस अबोला होता. सकाळी मी घरून डबा न घेताच निघालो होतो. आणि ही तिथे, आत्ता उभी आहे ना, तिथेच उभी. मला वाटलं, मी पट्टा संपवून येईपर्यंत जाईल निघून. म्हणून थांबलो. मुकादम शिव्या देत होता. ही हसली, मग मी रोलर हलवला.”

आणि मला वाटलं होतं, चहाला! चिमी एकदम आईकडे वळली. मामीचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हसले वगैरे नव्हते मी,” ती जाळीतून म्हणाली. “ऊन येत होतं डोळ्यांवर.”

शिकवणाराही गाडीतून डोकं बाहेर काढून ऐकत होता. मामीने जाळी घट्ट धरली.

“आणि डबा द्यायला नव्हतेच आले मी. आईकडे चाललेय, परत येणार नाही, असं सांगायला आले होते. भांडण झालं त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? रोलर कुणासाठी थांबत नसतो म्हणाला होतात. म्हटलं, तोंडावर सांगून जाऊ. आणि तुम्ही थांबलात. सगळे ओरडत होते, आणि तुम्ही आपले मध्येच थांबलात. मग सांगायचं राहूनच गेलं.”

“पण डबा होता हातात,” मामा म्हणाला.

“डबा हातात होता, पिशवी फाटकापाशी ठेवली होती.”

“आणि मी?” चिमीने विचारलं. तिचा आवाज अगदी पाच वर्षांच्या मुलीसारखा आला.

“तू पिशवीवर बसली होतीस.”

मामा जाळीकडे गेला आणि मामीच्या बोटांवर आपली बोटं ठेवून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते उन्हामुळे नव्हतं, हे मी सरळ कबूल करतो.

शेवटी शिकवणाऱ्याने घसा साफ केला. “काका, चार फेऱ्या उरल्यात. नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर काढायला हवं, पण ट्रॅकवर दुसरं कुणी नाहीये.” मामा मागे बघत म्हणाला, “ही बसेल का मागे?” फाटक उघडलं, मला माझ्या फुकटच्या जागेवरून उठवलं आणि तिथे मामीला बसवलं. तिचे गुडघे तिथे बरोबर मावले. दार लावताना ती मामाला म्हणाली, “चला आता. आणि मध्ये कुठे थांबू नका.”

गाडी गेली. मी आपला ट्रॅकच्या कडेला उभा राहिलो. झेंडेवाला टपरीत गेला, एक लांब दांड्याचा झाडू घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

“पाणी तुमच्या माणसानं ओतलंय,” तो म्हणाला. “गाडी परत यायच्या आत काढा.”

मी झाडू मारला. पाणी काठापर्यंत जायचं आणि पुन्हा आत यायचं. दांड्याने भागेना, वाकावं लागलं. तिकडे लांब सरळ रस्त्यावरून गाडीचा आवाज यायला लागला, आणि तो मगाचच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. “लवकर,” झेंडेवाला म्हणाला. मी वाकून दोन्ही हातांनी तो खळगा कोरडा करत राहिलो.